निरोगी बायकांची नोंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत, तूही असशील असं धरून पुढे लिहिते. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही. मग दोघी 'बरं, ठेवते' म्हणतो आणि दिवसभर धुमसत बसतो. त्यापेक्षा हे बरं, कागद मध्येच तोडून बोलत नाही.

तुझा निरोप पोचला. कायमची लेकाकडे राहायला जाणार, त्याआधी घर आवरायचं आहे, मी आठ दिवस येऊन राहावं, आणि मी आल्याशिवाय आईची पेटी उघडणार नाहीस, सगळं कळलं. त्या पेटीत आईनं भरलेला पोपट असेल बघ, कापडावरचा. पोपट कमी आणि कावळा जास्त दिसायचा तो. बाकी भांडीकुंडी कुणाला द्यायची ती दे, कावळा मात्र माझा.

मला यायचं आहे. पण या महिन्यात जमेल असं दिसत नाही. विभागात नवीन मशीन आलं आहे आणि ते मार्गी लागेपर्यंत मला हलता येणार नाही.

तुला माझं काम मी कधी धड सांगितलंच नाही. आई शेजारणींना सांगायची, 'धाकटी पोटाचे फोटो काढते,' आणि मीही तिला कधी दुरुस्त केलं नाही. बारशाला आणि लग्नाला सांगण्यासारखं ते काम नव्हे. आता तू एवढी लांब जायला निघालीस, तर सांगूनच टाकते. ज्यांचा शौचावरचा ताबा गेला आहे, किंवा तासन्तास बसूनही ज्यांना होत नाही, अशी माणसं आमच्याकडे येतात. त्यांच्या तिथल्या स्नायूंची ताकद मी मोजते. पेशंटने डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. बोटापेक्षा बारीक नळी आत घालायची, तिच्या अंगावर दाब मोजणारे ठिपके आणि टोकाला छोटा फुगा. मी 'आवळा' म्हटलं की आवळायचं, 'सैल सोडा' म्हटलं की सोडायचं, मग खोकायचं, मग कुंथायचं. पडद्यावर रंग हलतात, निळ्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. शेवटी फुगा थोडा थोडा फुगवायचा आणि पेशंटला कळायला लागलं की त्यानं सांगायचं. झालं माझं काम. हसलीस ना? हस. आमच्याकडे येणारी माणसं आल्या आल्या मान खाली घालतात, आणि मी त्यांना दारातच सांगते, लाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा, जाताना हवी तर परत घाला. बहुतेक जण हसतात.

मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले. होता.

तर नव्या मशीनचं. प्रत्येक नव्या मशीनला आधी निरोगी माणसं दाखवावी लागतात. धडधाकट बाईनं आवळलं की आकडा किती येतो, हे त्याच्यापाशी नोंदलेलं असलं तरच आजारी बाईचा आकडा कमी आहे की नाही ते ठरणार. डॉक्टरबाईंनी ठरवलं, सुरुवात आपल्याच माणसांपासून करायची. तिशीतल्या मिळाल्या, चाळिशीतल्या मिळाल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई सगळ्या विभागात एकच, ती कोण ते तुला माहीत आहे. रोज एक जण येऊन विचारते, 'मॅडम, तुमचा नंबर कधी?' मी सांगते, आधी पेशंट उरकू दे. परवा सर्दी होती. पाळी आहे म्हणून टाळायचं वयही आता राहिलं नाही. एकदा ते उरकलं की सुट्टीचं बघते.

भाच्याचा फोन आला होता. वैतागला आहे. तू तिकीट दोनदा पुढे ढकलायला लावलंस म्हणे. आणि खिडकीची खोली सोडून मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपतेस म्हणे. एवढं त्या खिडकीवरून भावजींशी भांडायचीस आणि आता भावजी गेल्यावर ती मोकळी तर तू कोपऱ्यात. साठीतच म्हातारचळ लागला का?

आता विषय निघालाच आहे तर एक सांगते, नाहीतर ते आतच कुजेल. गेल्या वेळी तू माझ्याकडे आलीस, तीन वर्षं होतील. मी आदल्या दिवसापासून राबले. तू ताटाला हात लावलास, दोन घास चिवडलेस आणि 'भूक नाही गं' म्हणून उठलीस. दारापाशीच्या खुर्चीवर बसलीस, पाहुण्यासारखी, आणि चहाच्या आत निघालीस. माझ्या हातचं तुला उतरलं नाही, की माझं घर? मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण म्हणून लगेच उठून तुझ्याकडे धावत यावं असं मला वाटत नाही, एवढं समजून घे.

राखाडी शालीचं पुन्हा पुन्हा विचारतेस. नाही सापडली. चांगली होती, उबदार होती, पण नाही सापडली, आणि कृपा करून शालीचं आता पुरे.

तुझी,
धाकटी

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तुझ्या दोन ओळी पोचल्या. 'यायचं नसेल तर येऊ नकोस, पण मशीनच्या आड लपू नकोस. पेटी मी एकटी उघडेन.' वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. मग वाटलं, बोललीस ते खरंच, फक्त दिशा चुकली. मी मशीनच्या आड नव्हते लपत, मशीनपासूनच लपत होते.

हे पत्र एकटी असताना वाच. तुला न्यायला भाचा आला असेल तर त्याला काहीतरी आणायला पिटाळ. मीसुद्धा दार लावून बसले आहे, माझ्याच घरात. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, दुसरं काय.

शुक्रवारी पेशंट लवकर संपले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आज तुमची नोंद झाली की यादी पुरी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि 'चला' म्हटलं गेलं. तपासणी 'नवी' करणार होती. नवी म्हणजे माझ्या हाताखालची मुलगी, तिला लागून चार वर्षं झाली तरी सगळे तिला नवीच म्हणतात. तिला मीच घडवलं आहे. नळी कशी धरायची, हात आधी कोमट पाण्यात कसे घालायचे, पेशंटच्या अंगावरची चादर कुठपर्यंत ओढायची, सगळं माझं.

खरं सांगू? मी तयारी करून गेले होते. आठवडाभर घरी चालता-बसता आवळून बघत होते. मला वाटलं, कधी श्वास धरायचा आणि कधी जोर लावायचा हे माझ्याइतकं कुणाला माहीत, मशीनला गंडवू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आधी प्रश्न असतात. नवीनं ते वाचून दाखवले, मी शिकवलं तसे, घाई न करता. गेल्या वर्षभरात नकळत कपडे खराब झाले का? नाही. घाई लागल्यावर संडास गाठेपर्यंत थांबता येतं ना? येतं. वारा सरतोय की आणखी काही, यातला फरक कळतो ना? कळतो. नाही, येतं, कळतो, भराभर, शाळेत पाढे म्हणायचो तसं. मग ती म्हणाली, 'लाज चपलांपाशी ठेवली ना, मॅडम?' सगळ्या हसल्या, मीही हसले.

ताई, त्या पलंगावर डाव्या कुशीवर पडलं की समोर भिंत येते. इतकी वर्षं मी त्या खोलीत काढली, पण भिंतीला पाठ करून. पेशंटला काय दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. एक खिळा दिसतो. त्याच्यावर काही टांगलेलं नाही. बायका तिथे पडून त्या खिळ्याकडे बघत असतात आणि मी मागून सांगत असते, आवळा, आणखी, आणखी.

नवी म्हणाली आवळा, मी आवळलं. म्हणाली, 'छान. आता सैल सोडा.' हा 'छान' मीच तिला शिकवला आहे. रेघ वर जावो न जावो, 'छान' एकाच सुरात म्हणायचं, पेशंटला आवाजावरून काही कळता कामा नये. मला काहीच कळेना. स्वतःच्या हातानं केलेलं कुलूप आणि किल्ली तिच्याकडे. दुसऱ्यांदा आवळायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं, प्रत्येक वेळी छान. शेवटी मी म्हटलं, पडदा इकडे वळव. ती म्हणाली, झाल्यावर बघू. मी म्हटलं, वळव.

पडदा वळला. आवळलं की रंग पिवळ्यावर चढत होता आणि लाल व्हायच्या आतच पुन्हा निळ्याकडे घसरत होता. मी सगळा जोर लावून धरलं आहे असं मला वाटत होतं तेव्हा तिथे कुणी धरलेलंच नव्हतं. अशी चित्रं मी ढिगानं पाहिली आहेत. कुणाचं आहे हे न सांगता माझ्यापुढे टाकलं असतं तर चहाचा घोट घेता घेता सांगितलं असतं, बाळंतपणातली इजा, वय झाल्यावर वर आलेली, हिला आणखी तपासा.

डॉक्टरबाई तोवर बाहेर फोनवर होत्या. बाकीच्या प्रश्न संपल्यावरच बाहेर गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच. नवीनं पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. मग हळूच म्हणाली, 'मॅडम, ही नोंद नॉर्मलमध्ये टाकू ना?'

तिला सगळं दिसत होतं, ताई. पण माझी उत्तरंही तिच्यापुढे होती, सगळी 'काही त्रास नाही'ची. मी सांगितलं असतं टाक, तर तिनं टाकली असती. माझा शब्द खाली पडू द्यायची तिला सवय नाही. आणि मग त्या मशीनच्या पोटात, पन्नाशीच्या पुढची निरोगी बाई म्हणून, मी जाऊन बसले असते. उद्या माझ्या वयाची एखादी धीर करून येणार, कुणाला न सांगता, दोन बस बदलून. तिचा आकडा माझ्याएवढाच पडका निघणार. आणि आम्ही तिला सांगणार, बाई, तुमचं अगदी नॉर्मल आहे, घरी जा.

मी म्हटलं, 'नको. टाकू नकोस. मी खोटं बोलले.'

तिनं अरेरे म्हटलं नाही, मला हात लावला नाही. चादर थोडी वर ओढली, स्टूल घेऊन भिंतीच्या बाजूला, खिळ्याच्या खाली, माझ्या तोंडासमोर येऊन बसली आणि म्हणाली, 'मग पहिल्यापासून विचारते.' हे मात्र मी तिला शिकवलेलं नाही. मी कधी समोर जाऊन बसले नव्हते.

मध्ये थांबले होते. बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं, आता बुडाली असतील बिचारी झाडं.

तर पुन्हा प्रश्न. कधीपासून? चार वर्षं. तुझ्याकडून शेवटची परत आले ना, त्या बसमध्ये. पाळी जाऊन थोडेच महिने झाले होते. तुझ्याकडे पोटभर जेवून निघाले, गाडी घाटासारख्या वळणांवरून हलत होती, आणि मला घाई लागली. ड्रायव्हरला थांबवावं की नाही, थांबवलं तर सगळ्या गाडीपुढे काय सांगावं, हा विचार संपायच्या आत ते झालं. कळलंसुद्धा उशिरा. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली. मी तुझी शाल कमरेला गुंडाळली आणि सगळे उतरेपर्यंत बसून राहिले. कंडक्टर दोनदा बघून गेला. घरी आल्यावर शाल कचऱ्यात टाकली, धुवायला घेतली तरी हात लावावासा वाटेना. झालं का समाधान? ही तुझी राखाडी शाल.

त्यानंतर बाहेर पडायचं म्हणजे आधी नकाशा काढायचा. कुठल्या दुकानात आत जाऊ देतात, कुठल्या ऑफिसचं संडास कुलपात असतं. ह्यांना वाटतं मला वहम आहे, दार ओढून घेतल्यावर मी पुन्हा एकदा आत जाऊन येते म्हणून चेष्टा करतात. पर्समध्ये जास्तीचे कपडे, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि दिवसभर दुसऱ्या बायकांना सांगायचं, वेळेवर आलात तर खूप काही करता येतं, अंगावर काढू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी स्वतःशी काय म्हणत होते माहीत आहे? वयाचंच असेल. येणारी प्रत्येक बाई हेच वाक्य घेऊन येते आणि मी मनात म्हणते, काय वेडी आहे.

पुढचा प्रश्न मी आजवर किती जणींना विचारला असेल त्याला गणती नाही. 'यामुळे कुठे जाणं बंद केलंत?' कुणी बाजार म्हणते, कुणी गाण्याचा क्लास, एकीनं लेकीचं घर म्हटलं होतं आणि मी लिहून घेतलं होतं आणि पुढच्या प्रश्नाला गेले होते. नवीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'बहिणीकडे.' आणि मला रडू आलं, ताई. नळी आत, चादर अंगावर, तोंडासमोर माझीच विद्यार्थिनी, आणि मी हमसून रडतेय. ती बसून राहिली. मशीन मात्र मधूनच लाल होत होतं, रडताना पोट हलतं ना. त्यावरून दोघींना हसूही आलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे पत्र आहे. मगाचपासून त्याच्या भोवती फिरतेय.

त्यापुढचा प्रश्न असतो, प्रवासाला निघायच्या आधी जेवण टाळता का? मी म्हटलं, टाळते. पोटात काही नसेल तर भीती कमी. ती पुढे विचारत गेली, कुठेही गेलात तर दाराजवळची जागा बघता का, काम अर्धं टाकून लवकर निघता का, आणि मी हो हो म्हणत गेले. आणि म्हणता म्हणता मला माझं नाही, तुझं ताट दिसलं. चिवडलेले दोन घास. दारापाशीची खुर्ची. तुझ्या हातात पर्सशिवाय दुसरी एक पिशवी होती, आठवतं? मी म्हटलं ठेव की खाली, तर मांडीवर घेऊन बसलीस. चहाच्या आत निघालीस, कारण बस लांबची होती.

मी तीन वर्षं रुसून बसले की माझ्या हातचं तुला उतरलं नाही. हेच सगळं दुसऱ्या कुणाच्या ताईनं माझ्या खोलीच्या दारात केलं असतं तर ती बसायच्या आत मला कळलं असतं. माझी बहीण म्हणून नाही कळलं. बहिणीला फक्त राग येतो असं आपण धरून चालतो.

मागची खोली संडासाला लागून आहे, नाही का? आणि विमानाचा एवढा लांबचा प्रवास. तिकीट दोनदा पुढे ढकललंस.

चुकत असेन तर पत्र फाड आणि मला चार शिव्या घाल, चालेल. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. ताई, तुलाही होतं का?

माझं पुढे काय झालं ते सांगते, तुला उपयोगी पडेल म्हणून. त्याच दिवशी सोनोग्राफी केली. तिथल्या स्नायूचं कडं असतं, गोल. माझं पुढच्या बाजूला तुटलेलं निघालं. लेकाच्या वेळचं. चिमटे लावून काढला होता ना त्याला, तू व्हरांड्यात उभी होतीस आणि टाके नीट घाला म्हणून आतल्या बाईंशी भांडली होतीस. टाके घातले त्यांनी, पण आतलं राहिलं. इतकी वर्षं बाकीच्या स्नायूंनी ओढून नेलं आणि आता तेही दमले. तुझं तर पहिलं बाळंतपण दोन दिवस चाललं होतं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की इतकी वर्षं माझ्याबरोबर जेवलात आणि बोलला नाहीत. ऑपरेशनचं आत्ताच नाव नको म्हणाल्या. आधी व्यायाम, तोही त्याच मशीनवर, पडद्याकडे बघत बघत, म्हणजे आवळतोय असं वाटणं आणि खरंच आवळणं यातला फरक कळायला लागतो. खाण्यात थोडे बदल, प्रवासापुरती एक गोळी. पूर्वीसारखं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही कुणाला तसं सांगत नाही. पण दार गाठता येईल एवढं होतं बऱ्याच जणींचं. मी सुरू केलं आहे. नवी मला ओरडते, म्हणते मॅडम तुम्ही श्वास धरून फसवता.

तेरा मार्चच्या गुरुवारी सकाळची एक वेळ मी राखून ठेवली आहे. त्यापुढे नाव घातलेलं नाही. कुणी आलं नाही तर रिकामी जाईल, त्यात काही बिघडत नाही.

तुझी,
धाकटी

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

शनिवारच्या सकाळच्या बसनं निघते. दाराजवळची सीट घेतली आहे. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवणार आहे की मला मध्ये थांबावं लागेल, कारण विचारलं तर पोटाचं दुखणं म्हणणार, आणखी खोदून विचारलं तर खरं सांगणार. बघू मग तो तोंड कुठे लपवतो. ह्यांना परवा सांगितलं. ते म्हणाले, 'मग मी तुझी चेष्टा करत होतो तेव्हा बोलायचं नाही का?' आणि उठून माझी बॅग भरायला लागले. नको ते सगळं भरलं, पण भरलं.

तुझं चार पानी पत्र आलं. मी दारातच पाकीट फोडलं. पहिल्या पानावर पितळेचे डबे कुणाला द्यायचे. दुसऱ्यावर गाद्या. तिसऱ्यावर शेजारीण भावात कशी घासाघीस करते आणि कपाट फुकटात मागते. मी उभी राहून वाचत होते, प्रत्येक पान उलटताना वाटायचं आता येईल. चौथ्यावर भाच्याच्या तक्रारी. खाली सही, आशीर्वाद. माझ्या प्रश्नाचं नावही नाही. माझा चेहरा असा पडला की हे विचारायला लागले, सगळं ठीक ना. मी म्हटलं, डब्यांचं लिहिलंय.

संध्याकाळी पत्र पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा दिसलं. शेवटच्या पानाच्या मागे, आशीर्वाद संपल्यावर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं. एवढ्या बारीक अक्षरात तू शाळेत कॉपीसुद्धा लिहिली नसशील.

'दुखतं का?'

ताई, नाही. दुखत नाही. नळी जाताना थोडं विचित्र वाटतं, एवढंच. लाज वाटते, ती पहिली काही मिनिटं. तपासणी नवी करेल, तिचे हात माझ्यापेक्षा हलके आहेत. मी तुझ्या मागे नाही उभी राहणार, समोर स्टुलावर बसेन, आणि 'छान' फक्त खरंच छान असेल तेव्हाच म्हणेन. त्या गुरुवारच्या वेळेपुढे तुझं नाव मी आज घातलं, माझ्या हातानं; परतताना माझ्याबरोबरच चल. तिकीट भाच्याला त्यानंतरचं काढायला सांग, ते आता ढकलायचं नाही.

पिशवीत जास्तीचे कपडे दोन जोड घेतले आहेत. एक माझ्या मापाचा, एक तुझ्या. मी घरून थोडं खाऊन निघणार आहे, तू माझ्यासाठी थांबून उपाशी राहू नकोस. आल्यावर पुन्हा जेवू, आणि या वेळी ताटात वाढलेलं दोघींनी संपवायचं, लागलं तर ताट तुझ्या मागच्या खोलीत घेऊन बसू.

पेटी उघडू नकोस हं, मी येतेय. कावळा निघाला तर तो मी घेऊन येणार हे कबूल झालेलं आहे. तो कुठे टांगायचा ते ठरलं आहे. आमच्या खोलीत एक खिळा रिकामा आहे, आणि तू डाव्या कुशीवर पडशील तेव्हा तुला बघायला काहीतरी आपलं हवं.

येतेच आहे,
तुझी धाकटी